टोपी उसवायची कला

बहिणीला बाळ होणार कळलं तेव्हा मला क्रोशाचा किडा नुकताच चावला होता, त्यामुळे कोणी विचारायच्या आत मी जाहीर करून टाकलं की बाळाची टोपी मीच विणणार. एवढीशी तर टोपी, दोन संध्याकाळींचं काम!

साखळी, मुका खांब आणि खांब एवढे टाके आईने शिकवले होते. पॅटर्न मात्र इंटरनेटवरचा, इंग्रजीत. आणि त्यात एक भानगड असते जी मला कोण्णी म्हणजे कोण्णी सांगितली नव्हती. ब्रिटिश लोक डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि अमेरिकन लोक डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब, म्हणजे नाव तेच पण एक बुटका आणि एक उंच. माझा पॅटर्न ब्रिटिश आणि व्हिडिओ अमेरिकन! शिवाय आधी 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून त्यात टाके किती बसतात ते बघायचं असतं, ते मी केलंच नाही, कारण चौकोन विणून घालणार कुणाला?

मग मोजणं. 41, 42, 43... आणि तेवढ्यात शेजारी बसलेला नवरा फोनवरचा ओटीपी मोठ्याने वाचतो. सहा आकडी! परत पहिल्या टाक्यापासून.

तीन आठवड्यांनी टोपी झाली आणि माझ्याच डोक्यात बसली, कानांसकट. नवऱ्याने ती गुडघ्यावर चढवून बघितली आणि थंडीत बरी पडेल म्हणाला. मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही.

उसवायला घेतली तेव्हा मात्र कळलं की खरी मजा इथे आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जागे असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते आणि आपला जीव जातो. क्रोशात बहुतेक वेळा एकच टाका उघडा असतो. सुई काढायची, दोरा ओढायचा, सर्रर... तीन आठवडे पाच मिनिटांत गायब, आणि डोकं इतकं हलकं की काय सांगू. उसवलेली लोकर कुरळी होते, पण लडी करून ओली केली आणि वाळवली की परत शहाण्यासारखी सरळ.

मग चौकोन विणला, टाके मोजले, ओटीपीवाल्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मध्ये चार वेळा उसवलं (दोनदा गरज होती, दोनदा उगाच). शेवटी टोपी अगदी नवजात बाळाच्या मापाची झाली.

बाळ तोपर्यंत वर्षाचं झालं होतं.

बहिणीने ती टेडीला घातली. वर म्हणते, "ताई, ती पहिली ठेवायचीस ना गं, दोन-तीन वर्षांत झाली असती त्याला."

मी काही बोलले नाही. टेडीच्या डोक्यावरची टोपी काढली, शेवटचं टोक शोधलं, गाठ कापली. सर्रर.