पगार न लिहिलेली पाटी

आमच्या गाळ्याच्या गेटवर गेल्या दिवाळीपासून एक पाटी आहे. "पाहिजेत : सीएनसी-व्हीएमसी सेटर, ऑपरेटर, फिटर." खाली मोबाइल नंबर. सीएनसी, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन, आणि सेटर म्हणजे ती कामासाठी लावून देणारा कारागीर. नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत फिरलात तर अशा पाट्या गेटागेटावर दिसतील. काही इतक्या जुन्या की उन्हाने अक्षरं उडाली आहेत. या कंपनीत मी 14 वर्षं हिशेब आणि माणसांची भरती दोन्ही बघते. आमच्याकडे 22 कामगार आहेत.

त्याच दिवाळीनंतर ऑफिस असिस्टंटची एक जागा भरायची होती. जाहिरात दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, बस्स. तीन दिवसांत अर्जांनी फोन भरला. बी.कॉम., बीएमएस, एम.ए., आणि इंजिनिअरसुद्धा. एक इंजिनिअर मुलगा कळव्याहून वडिलांना घेऊन आला होता. वडील बाहेर बाकावर मार्कशीटची फाइल मांडीवर धरून बसले होते. पगार 15 हजार सांगितला, मुलगा लगेच हो म्हणाला. निघताना वडील म्हणाले, "मॅडम, कुठंही बसवा, पण बसवा." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एकाच गेटवर एका कामाला माणूस नाही आणि दुसऱ्या कामाला माणसांची रांग. यावर सगळ्यांचं उत्तर तयार असतं : कॉलेजात काही शिकवत नाहीत, मुलांकडे स्किल नाही. आमचे शेठही हेच म्हणायचे, वर "आजकालच्या पोरांना एसी पाहिजे" हेही. यात थोडं खरं आहे. पण मी पगारपत्रक बनवते, म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. आमचा सेटर ड्रॉइंग वाचतो, टूल लावतो, ऑफसेट घेतो, मायक्रोमीटरवर शतांशाचा हिशेब सांभाळतो. त्याला आम्ही 19 हजार देत होतो. डिलिव्हरीची बाइक चालवणाऱ्या मुलाला पेट्रोल जाऊन जवळपास तेवढेच सुटतात, आणि त्याला सुपरवायझरची बोलणी खावी लागत नाहीत. कांदा महाग झाला की आपण "कांदा महागला" म्हणतो, "कांदा मिळतच नाही" असं म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र भाव जिथल्या तिथे ठेवून तुटवडा जाहीर करतो. "माणसं मिळत नाहीत" याचा अर्थ बहुतेक वेळा "या पगारात मिळत नाहीत" एवढाच असतो.

2024 च्या राज्य पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजारांवर अर्ज आले. एका जागेला शंभर. मुलांना कष्ट नको असते तर पहाटे चारला उठून ती मैदानात धावली असती का? ती भरती ही अशी पाटी आहे जिच्यावर पगार लिहिलेला आहे आणि दिलेला शब्द पाळला जातो अशी खात्री आहे. आमच्या पाटीवर नुसता मोबाइल नंबर होता.

मार्चमध्ये मी शेठना गळ घातली. पाटीवर पगार लिहिला : 26 हजार, पीएफ, ओटी डबल. बारा दिवसांत दोन सेटर आले. मला आनंद झाला, पण तो आठवडाभरच टिकला. दोघंही मागच्या गल्लीतल्या गाळ्यातून आले होते आणि आता तिथल्या गेटवर "पाहिजेत" लागलंय. म्हणजे पगार वाढवून आमची अडचण सुटली, एमआयडीसीची सुटली नाही. सेटर होते तेवढेच राहिले, फक्त गल्ली बदलली. नवा सेटर तयार व्हायला मशीनवर दोन-तीन वर्षं जातात, आणि ती वर्षं कुणी द्यायची यावर सगळे मालक एकमेकांकडे बघत बसलेत. आपण शिकवायचं आणि शेजाऱ्याने दोन हजार जास्त देऊन उचलायचं, ही भीती खोटी नाही. पण प्रत्येकाने तसाच विचार केला की शिकवणारा उरतच नाही.

माझे बाबा 1978 साली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागले. पहिले कित्येक महिने एकच काम : लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणायचा. वस्ताद गुण्या लावून उजेडात धरायचे, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. बाबा सांगायचे, हात आधी शिकतो, डोकं नंतर. त्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्या पुढे बंद झाल्या, तिथे आयटी पार्क आले, आता ऐरोली-रबाळे-महापे भागात डेटा सेंटर उभी राहताहेत. ती यावीत, पण तीन शिफ्टच्या कारखान्याला लागायची तेवढी माणसं डेटा सेंटरला लागत नाहीत. लागतात ते वायरमन, एसीचे टेक्निशियन आणि सिक्युरिटी. मोठ्या कंपन्या गेल्या तसा बाबांना घडवणारा तो ठोकळाही गेला. लहान गाळेवाल्यांनी तो कधी उचललाच नाही.

आता पदवीच्या बाजूचं. माझ्या भाच्याने 2021 मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. तेव्हा आयटीवाले फ्रेशरांना धडाधड घेत होते, आणि ताईने घराची एफडी मोडून फी भरली. तो शिकत असताना, 2023-24 या एका वर्षात, टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून 60 हजारांहून जास्त माणसं कमी झाली. 2025 मध्ये तो बाहेर पडला तो या बाजारात. लासलगावचा शेतकरी यंदाचा भाव बघून कांदा लावतो आणि काढणीला सगळ्यांचाच कांदा बाजारात येतो, तसंच हे. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या इंजिनिअरांवर हाच हिशेब मांडला होता. अर्थशास्त्रात याला "कॉबवेब" म्हणतात, कोळ्याचं जाळं. आपला कांदा चार महिन्यांचा असतो, इंजिनिअर चार वर्षांचा. कांदा पडून गेला तर पुढच्या हंगामात वावर मोकळं असतं. बाविशीच्या मुलाला पुढचा हंगाम कुठून द्यायचा?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या तरुण पदवीधरांचा बेरोजगारीचा दर 29.1 टक्के दिला आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांचा 3.4 टक्के. हा आकडा दाखवून शिक्षण फुकट आहे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याला बेरोजगार राहणंच परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, कारण आई-बाप त्याला थांबवू शकतात आणि त्या चार वर्षांची काहीतरी किंमत यावी असं सगळ्या घराला वाटत असतं. भाचा वर्षभर थांबलाय. तो आळशी नाही.

सध्या पनवेल-उलवे भागात विमानतळाच्या कोर्सचे फलक लागलेत. नवी मुंबई विमानतळाचं ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली, आणि घराघरात ग्राउंड स्टाफच्या कोर्सची चर्चा. ज्यांची गावंच त्या धावपट्टीखाली गेली त्यांच्या मुलांचा तिथल्या नोकरीवर पहिला हक्क आहे, यात मला शंका नाही. पण फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढं विचारा : मागच्या बॅचची किती मुलं लागली, कुठे, किती पगारावर? तोंडी उत्तर नको, मुलांचे फोन नंबर मागा. दिले नाहीत तर उठून या.

आणि मालकांसाठी. ॲप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा पाव भाग, 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. आम्ही 22 जण, म्हणजे ऐच्छिक. तरी मी शेठच्या मागे लागून दोन जागांची नोंदणी केली. गल्लीतल्या आणखी चार गाळ्यांशी बोलतेय : प्रत्येकाने दोन-दोन घ्या, मग एकमेकांची पळवली तरी गल्लीत दहा सेटर तयार होतील. दोघांनी होकार दिलाय. एकाने चहा पाजून परत पाठवलं.

आमच्या दोन जागांपैकी एक मुलगी आहे, आयटीआय मशिनिस्ट, घणसोलीची. तिचं ट्रेडचं काम त्या आठवड्यात आलेल्या सगळ्यांत उजवं होतं. याआधी तिला दोन ठिकाणी नाही म्हणाले, कारण एकच : शॉपमध्ये बायकांसाठी संडास नाही. आमच्याकडेही नव्हता. मी 14 वर्षं वरच्या ऑफिसातला वापरत आले आणि खालचा विचार मला कधी सुचला नाही, याची मला लाज वाटते. कामाला माणूस नाही म्हणून गळे काढणाऱ्या गल्लीत निम्मी माणसं दारातूनच परत जात होती.

ती एक तारखेला रुजू होतेय. टाइल्स आल्यात, प्लंबर गुरुवारी येतो म्हणालाय.