पुरावा मागणाऱ्याला गप्प कसं बसवावं

प्रत्येक घरात, ऑफिसात, व्हॉट्सॅप ग्रुपवर एक तरी आगाऊ प्राणी असतोच, ज्याला चांगल्या चाललेल्या गप्पांत 'पण हे सिद्ध झालंय का?' विचारायची खोड असते. तो प्राणी मीच असल्यामुळे माझं तोंड कशाने बंद होतं हे मला बरोब्बर माहितीये, तेव्हा लिहून घ्या.

वाक्यात 'क्वांटम' घाला. जमलं तर 'व्हायब्रेशन' पण.

'विज्ञानाला सगळं कुठे कळलंय?' हे कधीही चालतं. विज्ञानाला कळलं नाही म्हणजे तुमच्या मेव्हण्याला कळलंय, हे ओघाने आलंच.

गॅलिलिओला वेठीला धरा. त्यालाही लोकांनी वेड्यात काढलं होतं म्हणा. फक्त 1610 साली त्याला दिसलेले गुरूचे चंद्र बरी दुर्बीण असलेल्या कुणालाही दिसत होते, तेवढं गाळा. आणि बॅरी मार्शलचं नाव तर काढूच नका. पोटातला अल्सर जंतूंमुळे होतो हे डॉक्टर मानेनात तेव्हा 1984 मध्ये तो बाबा ते जंतू स्वतः प्यायला, आजारी पडला, तपासण्या करून घेतल्या आणि 2005 ला नोबेल घेऊन आला. पुरावा आणला की हसणारे गप्प बसतात हे समोरच्याला कळलं तर आपली पंचाईत.

भविष्य सांगायचं तर मोघम सांगा. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने 1948 मध्ये वर्गातल्या सगळ्यांना 'खास तुझ्यासाठी' म्हणून एकच स्वभाववर्णन वाटलं होतं, ते किती जुळतं याला पोरांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले.

आता ब्रह्मास्त्र. 'मला स्वतःला अनुभव आलाय!' परवा आजारी आत्याला भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी बाही सरकवून मनगटातलं चुंबकाचं कडं दाखवलं, गुडघे दुखायचे थांबले म्हणे. कधी घातलं विचारलं तर म्हणे दुखणं अगदी असह्य झालं तेव्हा. अहो तेव्हाच घालणार ना, दुखणं कमीजास्त होतच असतं, सगळ्यात वाईट दिवशी काहीही सुरू करा, पुढचे दिवस बहुतेक बरेच जाणार, आणि पेनकिलर चालूच होती हे त्यांच्या बायकोनेच मला किचनमध्ये हळूच सांगितलं! मी म्हटलं, तस्संच दिसणारं बिनचुंबकाचं कडं आणू, कुठलं कुठलं ते न सांगता आलटून पालटून घालून बघू. झालं! मी उद्धट, मी नास्तिक, पेशंटसमोर शोभतं का. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीला असलंच सुचलं होतं. हातांना माणसाची ऊर्जा जाणवते म्हणणारे 21 जण तिने तपासले, त्यांचे हात पडद्याखालून बाहेर, नाणं उडवून उजवा की डावा ठरवायचं, त्यावर आपला हात धरायचा आणि विचारायचं कुठल्या हाताला जाणवतंय. 280 वेळा विचारलं, 44 टक्के बरोबर. नुसते अंदाज ठोकले असते तरी निम्मे बरोबर आले असते! 1998 ला जामा या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. तिला नऊव्या वर्षी सुचतं आणि आपल्याला साठीतही सुचत नाही.

विकताना 'सायंटिफिकली प्रूव्हन' म्हणा, पुरावा मागितला की 'श्रद्धेचा विषय आहे' म्हणा.

आणि शेवटी, 'नुकसान तर काही नाही ना?'

नाही कसं? त्याच गृहस्थांनी जाता जाता आत्याला सांगितलं की बीपीच्या गोळ्या हळूहळू सोडा, शरीराला सवय लागते, कडं आहे ना आता. आत्याने हळूहळू पण नाही, दुसऱ्या दिवसापासूनच सोडल्या. प्रेशर वाढलंय हे तिला कळलंसुद्धा नाही, कारण बहुतेकदा ते कळतच नाही, म्हणून तर मोजतात! मशिनवर वरचा आकडा 190 आला तेव्हा आमची पळापळ.

तुमच्या मनगटात काय घालायचं ते घाला, मला घेणंदेणं नाही. पण दुसऱ्याच्या चालू गोळ्या बंद करायला सांगणारे तुम्ही कोण? आणि तिथे बसून 'मोठ्या माणसाला कशाला दुखवा' म्हणून माना डोलावणारे घरचे, तुम्हालाही लाज वाटायला पाहिजे. मला गप्प केलंत ना, मग त्यांनाही एक शब्द बोलायचा होता. आणि कडंवाले काका, तुम्ही तर निदान फोन तरी उचला.