वलयं वाचणं म्हणजे ज्योतिष नव्हे

‘नदी मोजायला लागले गेल्या शतकात. त्याआधीचं पाणी झाडांच्या खोडातल्या वार्षिक वलयांवरून सांगणं म्हणजे निव्वळ ज्योतिष. शंभर वर्षांच्या नोंदी पुरेत. आणि जुने दुष्काळ खरे मानले, तर आजची टंचाईही निसर्गाचीच.’ अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीबद्दल असा मजकूर फिरतोय.

आधी ज्योतिषाचं. काठावरची झाडं यासाठी कोणी घेतच नाही. त्यांची मुळं ओलीत, त्यांना दुष्काळ काय कळणार? निवडतात ती कोरड्या, खडकाळ उतारावरची डग्लस फर आणि पिन्यॉन पाइनची झाडं. हिवाळ्यातल्या बर्फाच्या ओलीवर त्यांची वाढ ठरते, आणि नदीचं पाणीही मुख्यतः त्याच बर्फाचं. बर्फ कमी पडला की वलय अरुंद आणि नदी रोडावलेली. लीज फेरी या नदीवरच्या मोजणी ठिकाणच्या मोजलेल्या प्रवाहाशी वलयं जुळवून सूत्र बसवतात, पण काही वर्षं मुद्दाम बाजूला ठेवून. त्या वर्षांचा प्रवाह सूत्राला ओळखता आला नाही, तर सूत्र बाद. अशी परीक्षा कोणता ज्योतिषी देतो? एक उणीव मात्र खरी: फार ओल्या वर्षी झाडाला पाण्याची ददात नसते, म्हणून भरपूर पाण्याची वर्षं वलयांत कमी उमटतात. दुष्काळ चोख उमटतो.

शंभर वर्षं पुरेत? नदीचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या १९२२ च्या करारात त्याहूनही थोड्या वर्षांच्या आकड्यांवर दीड कोटी एकर-फूट पाणी वाटलं गेलं, आपल्या हिशेबात सुमारे ६५३ टीएमसी. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकबी या संशोधकांनी वलयांवरून नदीच्या वार्षिक प्रवाहाची दीर्घकालीन सरासरी काढली, ती सुमारे १ कोटी ३५ लाख एकर-फूट. करार झाला तो काळच कित्येक शतकांत विरळा इतका ओला निघाला. नंतरच्या अभ्यासांत सरासरी थोडी वर सरकली, तरी दीड कोटीला टेकली नाही. कोणती वर्षं धरली यावर आकडा बदलतो. आपल्या कृष्णेचंच बघा ना: ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळणारं पाणी बच्छावत लवादाने २०६० टीएमसी धरलं, ब्रिजेशकुमार लवादाने १९६१ पासूनची ४७ वर्षं घेऊन २१७३.

राहिला निसर्ग. बाराव्या शतकातला दुष्काळ खराच. ११३० ते ११५४ या काळात प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीच्या जेमतेम ८४ टक्के होता. पण २००० ते २०१४ मधल्या १९ टक्के घटीपैकी एक तृतीयांशाच्या आसपास वाटा वाढलेल्या तापमानाचा, असा उडॉल आणि ओव्हरपेक या संशोधकांचा २०१७ चा हिशेब आहे. ती जादा उष्णता बाराव्या शतकात नव्हती. तसाच दुष्काळ आज पडला, तर नदी ८४ टक्क्यांवर थांबायची नाही.