पाच रुपयांचं पॅक, पन्नास रुपयांचं पॅक आणि संध्याकाळचा स्पीड : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

एसटी स्टँडवरच्या वायफायबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली त्याला आज चार दिवस झाले. उशीर झाला, कारण तुमचा एक मुद्दा बरोबर आहे आणि तो आधी दुरुस्त करायचा, मगच लिहायचं असं ठरवलं होतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या अभ्यासिकेतली मुलं माझं ५० रुपयांचं पॅक घेतात. संध्याकाळी सात ते नऊ त्यांना आणि ५ रुपयेवाल्याला सारखाच स्पीड मिळतो, हा अन्याय आहे. त्या वेळात रील बघणाऱ्यांना बंद करा. फलाटाच्या टोकाला जुना फोन घेऊन बसलेल्याला मात्र कमी मिळतं, म्हणजे गरिबाला एक न्याय आणि इतरांना दुसरा. आणि शेवटी, "मोठी लाइन घ्या, नाहीतर प्रत्येकाला २ एमबीपीएस बांधून द्या आणि मोकळे व्हा." (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी होतो.)

आधी पैशाचं बोलू. ५ रुपयांत मी ५०० एमबी देतो, ५० रुपयांत १० जीबी. म्हणजे छोटं पॅक घेणारा जीबीमागे १० रुपये मोजतो आणि तुमची मुलं ५ रुपये. घाऊक घेणाऱ्याला सवलत मिळते ती इथे, दरात मिळालेली आहे. त्यावर रांगेतही पुढे उभं करायचं ठरवलं, तर काय होतं ते मांडून पाहिलं. लाइन १०० एमबीपीएसची, त्यातले ९२ मी वाटपाला काढतो. एका वेळी दहा मोठे आणि दहा छोटे ग्राहक ओढत असतील आणि किमतीच्या प्रमाणात वाटलं, तर मोठ्याला सव्वाआठच्या थोडे वर येतात आणि छोट्याला एकसुद्धा पुरा येत नाही. जीबीला दुप्पट पैसे देऊन त्याने हे घ्यायचं? मला ते पटत नाही. आज त्या वीस जणांना प्रत्येकी साडेचार येतात.

२ एमबीपीएस बांधून देणं मी सुरुवातीला केलं होतं. दुपारी दोन वाजता स्टँडवर तीन माणसं असायची, तिघांना मिळून सहा, आणि उरलेली सगळी लाइन नुसती पडून. २ एमबीपीएसने एक जीबी उतरवायला तासाहून जास्त वेळ लागतो. गाडी निघून जाते. त्यात तेव्हा मी १० रुपये तास असा दर लावला होता. म्हणजे माझी लाइन हळू, आणि त्याचे पैसे ग्राहकाच्या खिशातून! हे लक्षात आलं त्या महिन्यात तासाचा दर बंद केला आणि एमबीवर आलो. आता स्पीड कमी झाला तरी कोणाच्या पैशाला कात्री लागत नाही.

पण बांधणं सोडल्यानेही राउटरमधली रांग सुटत नाही, हे मला एका मुलीमुळे कळलं. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. ती माझ्या काउंटरसमोर उभी राहून ५० केबीचा फोटो चढवत होती. चक्र फिरायचं, पान मरायचं, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. चौथ्या वेळी तिने फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्हीच बघा." मी पिंग लावून पाहिलं, म्हणजे एक छोटा निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. एरवी वीस मिलिसेकंद येतं, तिथे हजारावर. लाइन बंद नव्हती, पैसे संपले नव्हते. बाहेर बाकावर कोणाचा तरी फोन हळदीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता, त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. तेव्हा अपलोड फक्त १० एमबीपीएस होतं. राउटरच्या रांगेत हजार पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, मावायची, एकेक दीड हजार बाइटचं. हिशेब करा, ती रांग रिकामी व्हायला सव्वा सेकंद लागतो. मुलीचं प्रत्येक पॅकेट त्या हजारांच्या मागे उभं राहत होतं.

याला बफरब्लोट म्हणतात, आणि यावर उपाय आहे. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ती मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलंय ते बघते. ५ मिलिसेकंदांच्या वरचा खोळंबा १०० मिलिसेकंद टिकला, की ती एखादं पॅकेट टाकून देते आणि पाठवणारा आपोआप दमाने घेतो. त्यावर बांधलेल्या एफक्यू-कोडेलमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग असते, आणि ज्याचं थोडंसंच काम आहे त्याचं आधी सुटतं. फॉर्मचा फोटो पटकन निघतो, हळदीचे व्हिडिओ मागून निवांत जात राहतात. पण कनेक्शनप्रमाणे वाटलं तर तीस कनेक्शन उघडणारा तीस वाटे उचलतो. म्हणून मी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरवर केक नावाचं रांग सांभाळणारं साधन लावलंय. ते आधी माणसामाणसांत वाटतं, म्हणजे फोनाफोनांत, आणि मग त्याच्या आतल्या कनेक्शनांत. लाइन शंभरची असून ९२ वर धरतो तेही याचसाठी. रांग लागायचीच असेल तर ती माझ्या राउटरमध्ये लागावी, जिथे माझा हात पोचतो. कंपनीच्या डब्यात लागली तर माझ्या हातात काही नाही.

रील बंद करा म्हणालात, ते मी करणार नाही. कोण काय बघतंय यात मला पडायचं नाही. रील ज्या ॲपमध्ये असतात त्याच ॲपमध्ये तुमच्या मुलांची लेक्चरंही असतात, ती मी कशी वेगळी काढू? मजकूर बघून वेगळा दर लावायला तर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने मनाई केली आहे, आणि तो नियम मला मनापासून योग्य वाटतो. दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलून आलेल्या माणसाने ५ रुपये देऊन अर्धा तास रील पाहिले, तर तो त्याचा हक्क आहे. त्याने लेक्चरवाल्याचा वाटा खाऊ नये, एवढंच मी बघतो.

आता तुमचा सगळ्यात जड मुद्दा, फलाटाच्या टोकाचा जुना फोन. त्याला कमी मिळतं हे खरं आहे, आणि ते मी जाणून करतो.

वायफायची हवा एक आहे. एका वेळी एकच बोलू शकतो. जवळचा फोन ६५ एमबीपीएसच्या वेगाने बोलतो, टोकाचा ६.५ ने. एक एमबी द्यायला जवळच्याला सेकंदाचा आठवा भाग लागतो, लांबच्याला सव्वा सेकंद. दोघांना सारखे एमबी द्यायचे म्हटलं तर दोघंही सहाच्या आत येऊन बसतात. एक लांबचा फोन अख्ख्या स्टँडला आपल्या चालीने चालवतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी हे २००३ मध्ये दाखवलं. २०१७ मध्ये स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातल्या लोकांनी लिनक्स या संगणक प्रणालीत त्यावर तोड काढली : एमबी सारखे वाटू नका, वेळ सारखा वाटा. मी तेच वापरतो. त्यात जवळचा सहावरून बत्तीसवर जातो, आणि लांबचा सहावरून सव्वातीनवर येतो. हे आकडे कागदावरचे, प्रत्यक्षात दोन्ही कमीच भरतात, पण प्रमाण हेच राहतं.

आपलं गाव कालव्याच्या टेलचं, त्यामुळे तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. पाळी तासांवर असते. पाटकरी दार उघडतो, तास भरले की बंद करतो. ज्याची चारी फुटकी, त्याच्या रानात पोचेपर्यंत निम्मं पाणी मुरतं. म्हणून त्याला दुप्पट तास दिले तर खालच्यांची उभी पिकं जातील. त्याची चारी बांधून द्यावी लागते. माझ्याकडे चारी बांधणं म्हणजे त्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, बसवणं. ते काम माझं आहे, तुम्ही टोचलंत ते बरं केलंत. फलाटाच्या टोकाच्या खांबासाठी अर्ज दिलाय, केबल आणून ठेवली आहे.

मोठ्या लाइनचं म्हणाल तर आधी माझ्यासारख्या पीडीओला, म्हणजे पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत छोटं वायफाय चालवणाऱ्या दुकानदाराला, घरगुती दराची फायबर लाइन मागितली की लीज लाइन (एकाच ग्राहकासाठी राखलेली महागडी लाइन) घ्या असं ऐकवलं जायचं, आणि तो दर ५ रुपयांच्या पॅकवर निघणारा नव्हता. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर पॅकेजचा दर पीडीओला दुपटीहून जास्त लावता येणार नाही. त्यानंतर मी ४० वरून १०० वर आलो. २०० वरही जाईन, पण टोकाच्या फोनला त्याने काडीचा फरक पडणार नाही. अडतंय ते हवेत, फायबरमध्ये नाही.

आणि तुमचा बरोबर मुद्दा : "पॅक विकताना हे का सांगत नाही?" खरंच सांगत नव्हतो. बोर्डावर नुसतं "हायस्पीड वायफाय" होतं. तो बोर्ड काल उतरवला. नव्यावर लिहिलंय : दुपारी ३० पर्यंत, संध्याकाळी सात ते नऊ साधारण ४ ते ५ एमबीपीएस, फलाटाच्या टोकाला २ ते ३. शिवाय ५ रुपयांच्या पॅकची मुदत एक दिवस होती, ती तीन दिवस केली. गर्दीमुळे ज्याचे एमबी उरले, त्याचे रात्री बाराला बुडायला नकोत.

तुमची अभ्यासिका स्टँडच्या भिंतीला लागून मागच्या बाजूला आहे ना? मुलं त्या दगडी भिंतीच्या आड बसत असतील तर त्यांचे फोनही लांबच्यांतच मोडतात, पॅक कितीही मोठं असो. बुधवारी संध्याकाळी साडेसातला मी लॅपटॉप घेऊन येतो. दोन-तीन मुलांचे फोन कोणत्या वेगाने जोडले जातायत ते तुमच्यासमोरच बघू, आणि खांबाची परवानगी यायच्या आधी तुमच्या खिडकीत एक ॲक्सेस पॉइंट लावता येतो का तेही ठरवू. खिडकीजवळ विजेचा पॉइंट आहे का, तेवढं पाहून ठेवा.