लेन्सआधी उजेडाचं बघा

मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायला, नवख्याने ६० एमएमची लेन्स घ्यावी आणि सकाळच्या उन्हात भागवावं, हा लेखातला सल्ला फुलं नि नाण्यांपुरता ठीक आहे, भाऊ. किड्यांसाठी नाही. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर विषय खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, ६० एमएमची काच विषयापासून पाच ते दहा सेंटीमीटरवर येते, तोवर नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठचा चतुर केव्हाच उडालेला. १०० किंवा १०५ एमएमला तेरा-पंधरा सेंटीमीटर मिळतात. सावलीही कमी पडते.

पण माझं खरं म्हणणं उजेडाबद्दल आहे. १:१ ला जवळपास दोन स्टॉप उजेड वाया जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ ११ ठेवला तरी कॅमेऱ्याला पोचतो एफ २२ इतकाच. एवढं करून फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) शार्प दिसणारा पट्टा एक-दीड मिलिमीटरचा! त्यात पान वाऱ्याने हलतंय. नुसत्या उन्हावर हातात धरून काय जमणार? फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ला, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोळाव्या भागावर ठेवा, त्याचा क्षणभराचा झोतच हालचाल गोठवतो.

उजेड पसरवणारा डिफ्युझर मात्र हवाच. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यात बघा, उघड्या फ्लॅशचा टोचणारा पांढरा ठिपका दिसतो. ट्रेसिंग पेपर लावून फ्लॅश जितका किड्याजवळ आणाल तितका उजेड मऊ. इथे सीताबर्डीत स्टेशनरीच्या दुकानात हा कागद चिल्लरमध्ये मिळतो, महागडं किट कशाला?

ऑटोफोकसवर पैसे घालू नका. १:१ ला तो नुसता मागेपुढे होत बसतो. फोकस पक्का ठेवून आपणच हळूच पुढे झुकलेलं बरं. आणि लेन्सभोवती बसणाऱ्या रिंग फ्लॅशबद्दल लेखात एक ओळही नाही, ते का?