साहेबाचे सहा चमचे

आत्याच्या आजेसासऱ्यांना कुणा गोऱ्या कलेक्टराने विलायतेला परतताना चांदीचे सहा चमचे दिले, ही त्या घरची पिढीजात कथा. दिवाळीच्या आवराआवरीत ते माळ्यावर सापडले. वारस चार, चमचे सहा! आतेभावांचं महाभारत पेटायच्या आत आत्याने मला बोलावलं. "तुझ्याकडे भिंग आहे ना? मग बघ."

जो तो परीक्षेला सरसावला. मोठ्याने चुंबक लावला. चिकटला नाही. "अस्सल!" पण चुंबक पितळेलाही चिकटत नाही, हे त्याला सांगणार कोण? धाकट्याने वाजवून पाहिला. सुनेने दंतमंजनाने घासला. सराफ मात्र कुणालाच नको. तो म्हणे आधी तूट धरतो, मग चष्मा लावतो.

एक मान्य करायला हवं, इंग्रज चमच्याच्या पाठीवर अख्खी जन्मपत्रिका ठोकून ठेवतो. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. मग माल कुठे तपासला त्या गावाची खूण: बिबट्याचं तोंड लंडनचं, मुकुट (१९७४ पर्यंत) शेफील्डचा, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. (बर्मिंगहॅमला समुद्र नाही. विचारू नये.) राजाचं किंवा राणीचं मुंडकं दिसलं तर माल बहुधा १७८४ ते १८९० मधला, म्हणजे सरकारचा कर भरलेला. शिवाय वर्षासाठी एक अक्षर. तेही १९७४ पर्यंत गावागणिक वेगळं! लंडनची बाराखडी तर तेव्हा 'यू'लाच आटोपायची आणि त्यातही 'जे' गाळलेला. मोडी वाचणं परवडलं.

मी भिंग लावलं. चार चौकटी ओळीने दिसल्या तेव्हा आतेभावांचा श्वास अडकला. सिंह नव्हता. बिबट्या नव्हता. चार नक्षीदार इंग्रजी अक्षरं होती: ई, पी, एन, एस. म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूला विजेने दिलेलं चांदीचं पाणी. दुरून खऱ्या शिक्क्यांसारखं दिसावं म्हणून कारखानदार ही अक्षरं अशी चौकटीत बसवत. चमच्याच्या पाठीवर, जिथे तो टेबलाला घासतो तिथे, आतला पिवळटपणा डोकावत होताच.

"आणि खाली ए-वन लिहिलंय ते?" आत्याने विचारलं.

"मुलामा जाड आहे, एवढंच."

आत्या क्षणभर गप्प. मग म्हणाली, "तरीच मेला साहेब निवृत्त होईपर्यंत थांबला."

वाटणीचा तंटा जागीच मिटला. "दादा, तू थोरला, तू ठेव." "छे, धाकट्याचा मान." एवढा बंधुभाव त्या घरात मी प्रथमच पाहिला. निघताना सुनेने माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा घातला. घरी येऊन उघडला तर तळाशी चमचे. सहाच्या सहा.