पेटलेला बोर्ड आणि मागचा हॉर्न

आज सकाळी कोणीतरी गाडीखाली आलेल्या कोल्ह्याचा फोटो टाकला होता. खाली पहिलीच कमेंट, "जनावरं अचानक आडवी येतात, ड्रायव्हर काय करणार?" डोकंच फिरलं. अचानक काय अचानक? जंगल आधीपासून तिथंच आहे, रस्ता मागून आलाय.

आणि ड्रायव्हर काय करू शकतो ते मी बघितलंय. मागे एकदा रात्री मेहुण्याच्या गाडीत होते. जंगलाच्या पट्ट्यात कडेला सेन्सरचे खांब होते, अंगाची उष्णता टिपणारे. जनावर रस्त्याजवळ आलं तरच पुढचा इशाऱ्याचा बोर्ड पेटतो. तो पेटला. मेहुणा म्हणाला, "बिघडला असेल," पण पाय ब्रेकवर गेलाच. दोन हरणं झपकन पार झाली. मागचं पाडस मात्र कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर थबकलं, एक कान आमच्याकडे, एक मागे. आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्न धरला तो सोडेचना!

हिशोब साधा आहे. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळ्यांना दिसून ब्रेक दाबेपर्यंत तीसेक मीटर गेले, पुढे थांबायला आणखी तेवढेच, म्हणजे एकूण साठेक. डिपरच्या उजेडात दिसतंही साधारण तेवढंच. म्हणजे हरीण दिसलं तेव्हा उशीर झालेलाच असतो. आधीच कळायला हवं. तो कायमचा हरणाच्या चित्राचा बोर्ड? चार दिवसांत त्याच्याकडे बघणं बंद होतं. पेटणारा दिसतो, कारण एरवी तो विझलेला असतो.

मला चीड येते ती जनावरालाच पळवून लावायच्या यंत्रांची. वेग आपला, शहाणपण त्याने दाखवायचं! ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर हेडलाइट पडला की आवाज करणारे, दिवे चमकवणारे खांब लावले. मरणारे प्राणी निम्म्यावर आले असा दावा झाला, मग दुसऱ्या संशोधकांनी त्याच निष्कर्षांवर बोट ठेवलं. अहो, जनावरं सरावतात.

बरं, सेन्सर कधीकधी उगाच पेटतात, स्वस्तही नसतात, कबूल. कुंपण आणि वरून-खालून वाट हाच पक्का इलाज, हेही कबूल. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या महामार्गावर ते केल्यावर टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. आपल्या पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या खालून वाघ जातात, कॅमेऱ्यात आलेत. पण म्हणून काय प्रत्येक रस्ता उचलून खांबांवर ठेवणार? लहान रस्त्यांवरच्या जनावरांनी पूल होईपर्यंत थांबायचं का?

ते पाडस शेवटी गेलं. हॉर्नवाला आम्हाला ओलांडून सुसाट पुढे. मेहुणा काही बोलला नाही, पण जंगल संपेपर्यंत काटा चाळीसच्या वर गेला नाही. एवढंच तर हवं असतं हो. कोणाला रात्रभर थांबा म्हणत नाही आम्ही.

आता खरी भीती वेगळीच आहे. फीत कापायला सगळे येतात. पुढे सोलर पॅनेलवर धूळ बसते, बॅटरी चोरीला जाते, सेन्सरसमोर गवत माजतं, आणि बोर्ड कायमचा विझतो. मग "टेक्नॉलॉजी फेल" म्हणायला हेच लोक पुढे! तेव्हा गवत कोण कापणार, बॅटरी कोण बदलणार आणि किती वर्षं, ते आधी निविदेत लिहा. खांब नंतर उभे करा.